जिथे थांबायचं नाही

जुलैत चौतीस अंश. तेही टुंड्रात.
हेलिकॉप्टरमधून उतरलो तेव्हा
आधी रेनडिअर दिसलेच नाहीत,
दिसलं ते शिंगांचं आडवं पडलेलं रान
आणि त्यात एक कुत्रा, न भुंकता बसलेला.

मी गुरांचा डॉक्टर. माझ्या वहीत दोनशे सहा.
रात्रीपर्यंत खोडून दोनशे एकोणतीस केले.
माझ्या शेजारी नर्स राइसा ल्वोव्ना,
तिच्या वहीत तीन मुलं, एक म्हातारा,
ताप, आणि हातावर न दुखणारा व्रण,
मधोमध कोळशासारखा काळा.
मागे, गुडघ्यांत लोखंडी गज धरून तिमूर.
गोठलेली जमीन किती खोल सुटली ते मोजतो.
त्याच्या वहीत नुसते सेंटीमीटर.

शहरात आमची कचेरी एकाच इमारतीत.
सात वर्षं त्याच जिन्याने चढलो, उतरलो,
लिफ्ट बंद पडली की एका सुरात कुरकुरलो.
मेमध्ये त्याने वर कळवलं होतं, जमीन यंदा फार सुटतेय.
जूनमध्ये मी लिहिलं, लस पाठवा.
जुलैत तिने, हा ताप नेहमीचा नाही.
तिन्ही कागदांवर एकाच हातचा शेरा:
'संबंधित विभागाकडे.'

गुरांना झाला की तो फाशी,
माणसाला झाला की काळपुळी,
आणि मातीत पडून असतो
पंचाहत्तर-ऐंशी वर्षं, वाट बघत,
तेव्हा त्याला हाक मारायलाही कुणी नसतं.

चुमच्या दाराशी नेकोची याप्तिक
आई मेलेल्या पिलाला बाटलीने दूध पाजत होती.
"हातमोजे!" राइसा ओरडली.
"आधी दूध संपू दे," मी म्हणालो.
तिथूनच आमचं भांडण सुरू झालं.
मी म्हणालो, मेलेली जनावरं आजच जाळायची.
तिमूर म्हणाला, इथे आग लावलीस तर खालचं पीट धुमसत राहील,
आणखी खोल उघडेल सगळं.
राइसा म्हणाली, माणसं हलवा आधी, माणसं!
म्हातारी म्हणाली, कळपाशिवाय हलवलेली माणसं
कुठे न्यायची, तेही लिहून ठेवा.

मग तिमूरने नकाशा पसरला.
ती बराच वेळ बघत राहिली, म्हणाली, फिरव,
नदी उलटी वाहतेय तुझी.
फिरवल्यावर तिने एका उतारावर बोट ठेवलं.
तिथे नकाशात काहीच नव्हतं, फिका हिरवा रंग.
"याचं नाव 'जिथे थांबायचं नाही'.
माझ्या आईच्या आजोबांचा कळप इथे निजला तो उठला नाही.
आम्ही वळसा घालून जायचो. चार दिवस जास्त.
यंदा वळशावर पाइपलाइन आडवी आली."

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"कुणाला? हा येतो तो दात बघून जातो.
तू येतेस ती जीभ बघून जातेस.
हा पोरगा भोकं पाडून जातो.
चहाला कधी थांबलात?"

त्या रात्री थांबलो.
रात्र म्हणजे सूर्य जरा खाली सरकला, इतकंच.
चहात धुराचा वास होता, डास होते,
आणि बोलायला काही नव्हतं म्हणून
तिमूरने पिलाला बोट चोखायला दिलं, हातमोज्यासकट.
कधीतरी राइसा उठून शेजारच्या चुममध्ये गेली.
परत आली ती सरळ माझ्यापाशी,
स्वतःची वही तिथेच विसरून.
तिने हात पुढे केला. मी माझी वही दिली.

दोनशे एकोणतीसच्या खाली तिने लिहिलं,
खाद्को, वय नऊ.
मी काही बोललो नाही.
बऱ्याच वेळाने तिमूरने पेन मागितला.
त्या नावाखाली,
एकशे बारा सेंटीमीटर.

आणि मग तिघेही म्हातारीकडे वळलो,
त्या उताराचं नाव
तुमच्या भाषेत कसं लिहायचं,
पुन्हा एकदा सांगा, हळू.